बाबासाहेबांच्या मनातली वस्ती आणि आपली मारुंजी

मारुंजी-हिंजवडी भागात घरकाम, सफाई आणि बांधकाम करणाऱ्या कुटुंबांसोबत मी काम करते. भीमजयंतीच्या तयारीसाठी आमच्याकडे तरुणांची एक बैठक झाली. मिरवणूक, व्याख्यान, भोजनदान असे सगळे ठरल्यावर मी सुचवले की एक संध्याकाळ पाणी, कचरा आणि वीस वर्षांनंतरची आपली वस्ती या विषयासाठी ठेवू या. एका तरुणाने लगेच विचारले की ताई, झाडे, पाणी, सोलर हा सोसायटीवाल्यांचा विषय झाला, त्याचा बाबासाहेबांशी काय संबंध?

प्रश्न प्रामाणिक होता. पर्यावरणाबद्दल बोलणारी माणसे बहुतेक वेळा टँकरच्या रांगेत उभी नसतात, हे त्याने पाहिलेले आहे. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा जाणवले की पाणी, जमीन, घर, कामाचे तास आणि वस्तीचा निर्णय कोण घेतो, हे प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत. त्या दृष्टीने त्यांचे आयुष्य येथे मांडते आहे.

गोरेगावची वाट

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव लहान असताना कुटुंब साताऱ्याला आले. आई भीमाबाई तेथेच वारल्या. वडील सुभेदार रामजी सकपाळ नोकरीसाठी खटाव तालुक्यातील गोरेगावला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि रामजी त्या कामावर रोखपाल होते.

१९०१ च्या सुमारास सुट्टीत भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे घालून ती आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे असे ठरले. रात्री एका टोलनाक्यावर मुक्काम पडला. सोबत जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते आणि ते कोणी दिले नाही. मुले तशीच उपाशी, तहानलेली झोपली.

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकलेला असतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा सुटते. ज्या मुलाला घोटभर पाणी मिळाले नाही, त्याचे वडील तलाव खोदण्याच्या कामाचे हिशेब सांभाळत होते. गावासाठी पाणी साठवण्याच्या कामात महारांचे हात आणि महारांची अक्कल चालत होती, पाणी पिताना मात्र ती माणसे नको होती. दुष्काळ पावसामुळे पडतो. भरल्या पाण्याजवळ माणसाला तहानलेले ठेवण्याचे काम माणसेच करतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. हा फरक बाबासाहेब दहा वर्षांचे असतानाच अंगावर झेलून आले होते.

चाळीतली वर्षे

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली, त्यातच सामान, सरपण आणि माणसे. सगळे झोपल्यावर पहाटे दोनच्या सुमारास वडील उठवत आणि दिव्याच्या उजेडात अभ्यास सुरू होई. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. परदेशी पदव्या घेऊन आल्यावरही त्यांचा संसार पुष्कळ वर्षे परळच्या बीआयटी चाळीतच होता. आजूबाजूला गिरणी कामगार, सामायिक नळ, सामायिक व्हरांडा. शहरातील कष्टकऱ्याचे घर कसे असते, हे त्यांना अहवालातून समजून घ्यावे लागले नाही.

१९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतीचे तुकडे फार लहान आहेत, ते एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे अनेक जाणकार मानत होते. बाबासाहेबांनी वेगळा मुद्दा मांडला. तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लावायला अवजारे, बैल आणि भांडवल किती आहे यावर ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, ती वर्षातला बराच काळ रिकामी असतात, म्हणून त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे. तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. गाव गरीब का राहते याचे उत्तर गावाबाहेरच्या कामधंद्यातही शोधावे लागते, हा विचार त्यांनी पुढे कधी सोडला नाही.

चवदार तळे आणि रोजचे जगणे

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरवले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. शेजारी तळे भरलेले होते. २० मार्चला बाबासाहेब सर्वांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, खटला उभा राहिला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला मार्च १९३७ उजाडले. एका घोटासाठी दहा वर्षे.

महाडमध्ये फक्त तळ्याचा विषय नव्हता. मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडावे, पडीक सरकारी जमीन मिळवून शेती करावी, असेही तेथे सांगितले गेले. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. नेसणे, राहणे, घराची स्वच्छता, मुलींचे शिक्षण या साध्या गोष्टींवर बोलले. त्यांच्या लेखी हे आंदोलनाबाहेरचे किरकोळ विषय नव्हते. माणूस रोज काय खातो, काय नेसतो, कोणते पाणी पितो, त्यातच त्याचा दर्जा ठरवलेला असतो. म्हणून बदलही तेथूनच सुरू करावा लागतो.

वतन, खोती आणि जमीन

मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कायदेमंडळात आणले. वतन म्हणजे वरून मान, आतून वेठ. जमिनीच्या लहानशा तुकड्याच्या बदल्यात सबंध कुटुंबाला रात्रंदिवस सरकारी कामाला जुंपले जाई. वतनदार काम करायला गेला नाही तर त्याच्या बायकोला किंवा मुलाला जावे लागे. समाजातल्या काहींना वतन सोडवत नव्हते, कारण हक्काची म्हणावी अशी तेवढीच जमीन होती. पण गुलामीच्या अटीवर मिळालेली जमीन माणसाला उभे करत नाही, असे बाबासाहेबांचे मत होते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते, आगरी होते. जमीन कसणारे सगळे एका बाजूला आले पाहिजेत, हा त्यांचा प्रयत्न होता.

वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण परवानगीशिवाय विकायच्या नाहीत या अटीवर. पुण्याभोवतीच्या गावांत आज गुंठ्याचा भाव पाहून कोणकोण या जमिनींच्या मागे लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाणी, वीज आणि आठ तास

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंतच्या त्या चार वर्षांत कामगारांबरोबर पाटबंधारे आणि वीजही त्यांच्याकडे होती. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर त्यांच्या खात्याने त्या खोऱ्याची योजना हाती घेतली. नदी एका प्रांताची मालकी नाही, उगमापासून मुखापर्यंत तिचे खोरे एक आहे आणि त्याचा विचार एकत्र झाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. पूर आला की तो लवकर समुद्रात सोडून द्यायचा, हा जुना विचार त्यांनी बाजूला ठेवला. पाणी जास्त असणे हे संकट नव्हे, ते साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरता येते, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेली संस्था एप्रिल १९४५ मध्ये याच काळात उभी राहिली.

कामगारांसाठी सरकार, मालक आणि मजूर यांची त्रिपक्षीय परिषद याच काळात सुरू झाली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आई होणे हे एकट्या बाईचे काम नाही, तिच्या विश्रांतीचा भार समाजाने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. मारुंजीच्या टॉवरमध्ये चार घरची कामे करणारी आमची बाई नवव्या महिन्यापर्यंत लादी पुसते, तेव्हा मला ते १९२८ साल आठवते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. दामोदर आणि त्यानंतरच्या मोठ्या धरणांनी वीज दिली, सिंचन दिले आणि असंख्य कुटुंबांना उठवलेही. त्यांत आदिवासी आणि दलित मोठ्या संख्येने होते. उद्योग आणि धरणे यांवर बाबासाहेबांचा जो विश्वास होता, तो आज जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण नदीचे खोरे एक मानणे आणि पाण्याचा लाभ कोणाला मिळतो हे आधी विचारणे, हे त्यांचे सूत्र मात्र आज जास्त लागू पडते. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. नदी तीच, तिच्या काठी शेतकरीही आहे आणि कामगारही. एकत्र विचार झाला नाही की हे होते.

१९४७ चा आराखडा

भविष्यातली वस्ती कशी असावी याचे बाबासाहेबांचे सर्वांत स्पष्ट चित्र १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनात आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी ते तयार केले होते.

त्यात शेती हा राज्याचा उद्योग मानला आहे. राज्याने जमीन मोबदला देऊन ताब्यात घ्यायची, तिचे ठरावीक आकाराचे शेत पाडायचे आणि गावातील कुटुंबांच्या गटांना कसायला द्यायचे. जात किंवा धर्म पाहायचा नाही. शेत सामुदायिकपणे कसायचे. पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे. देणी भागल्यावर उरलेले उत्पन्न कसणाऱ्यांनी वाटून घ्यायचे. त्या गावात जमीनदार नसेल, कूळ नसेल आणि भूमिहीन मजूरही नसेल. मूळ उद्योग आणि विमाही राज्याकडे असावेत, असे त्यात आहे. गावकुसाबाहेर अडकलेल्या समाजासाठी स्वतंत्र वसाहती वसवाव्यात, ही १९४२ च्या नागपूर परिषदेपासूनची मागणीही त्यात होती.

ही योजना संविधानात आली नाही. सामुदायिक शेती आपल्याकडे कितपत चालली असती यावर वाद होऊ शकतो. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. बाबासाहेब सुंदर गावाचे चित्र रंगवून सुरुवात करत नाहीत. जमीन कोणाची, पाणी कोण देणार, उत्पन्न कसे वाटणार, मजूर कोण, हे ते आधी विचारतात. आज टिकाऊ गाव, हरित शहर असे शब्द आपण ऐकतो. सौर दिवे, पावसाचे पाणी जिरवणे, ओला-सुका कचरा वेगळा करणे, हे सगळे चांगलेच आहे. पण वेगळा केलेला कचरा शेवटी कोणाच्या हातात जातो आणि सोसायटीचे सांडपाणी कोणाच्या दारातल्या ओढ्याला मिळते, हे विचारले नाही तर ती हिरवाई काही लोकांपुरतीच टिकते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाला राज्याचे एकक मानायला नकार दिला आणि व्यक्तीला एकक मानले. जातीने बांधलेल्या गावाच्या हाती सत्ता दिली तर काय होईल, हे त्यांना माहीत होते. त्याच महिन्यात पंचायतींबद्दलची दुरुस्ती आली, ती मात्र त्यांनी स्वीकारली आणि ती संविधानाच्या ४० व्या कलमात आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली आणि पंचायतींत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी राखीव जागा आणल्या. स्थानिक लोकशाही हवी, पण त्यात दुबळ्याचा हक्क आधी पक्का हवा.

देहूरोड

मारुंजीपासून देहूरोड फार लांब नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते तेथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. देहूरोड ही लष्करी डेपोत आणि आसपास राबणाऱ्या कामगारांची वस्ती. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे बाकी होती. आजच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने येण्याआधीच येथे कष्टकऱ्यांनी बुद्धाला आणले होते.

मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. कायद्याने पाणवठा खुला करता येतो, पण शेजाऱ्याला आपला मानायला कायदा लावू शकत नाही. त्यासाठी मैत्री लागते, बंधुता लागते, आणि ती शिकण्याची जागा हवी. बाबासाहेबांनी धम्म दिला तो याच कारणासाठी. जयंतीला आणि पौर्णिमेला उघडणारे विहार त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. माणसे नेमाने एकत्र बसतात आणि एकमेकांच्या जगण्याचा विचार करतात, ती जागा म्हणजे विहार.

आपल्या हातात काय आहे

मारुंजी आज अर्धी गाव आणि अर्धी शहर आहे. एका बाजूला आयटी पार्क आणि टॉवर, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्या, मजुरांचे तळ आणि जुनी घरे. ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. उद्या तसे झाले तर नळ येईल, रस्ते येतील, पण ग्रामसभा राहणार नाही. आज गावातला कोणीही मतदार उभा राहून जो प्रश्न विचारू शकतो, तो उद्या नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेर थांबून विचारावा लागेल. म्हणून जे ठराव करून घ्यायचे ते आत्ताच करून घ्यायला हवेत.

त्या तरुणाला आता मी हे सांगेन. पहिले, पुढच्या ग्रामसभेला आपण दहा जण तरी जाऊ. ओढे, गायरान, स्मशानभूमी आणि विहाराची जागा यांची नोंद आणि हद्द ठरावात आणू. दुसरे, ज्यांच्या घरी वतनाची जमीन आहे त्यांनी सातबारा आणि फेरफार काढून ठेवावेत, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवावेत. तिसरे, आपल्या वस्तीला पाणी कुठून येते, टँकरला महिन्याला किती पैसे जातात आणि सांडपाणी कुठे जाते, याचा साधा हिशेब एका वहीत मांडू. रामजींनी गोरेगावला हिशेबच सांभाळले होते. चौथे, सफाई कामगार आणि घरकामगार बायांना या बैठकीत बोलावू, आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवू. महिन्यातला एक रविवार विहारात या कामासाठी राखू.

यातले एकही काम मोठे नाही. पण मसूरच्या वाटेवर तहानलेल्या त्या मुलाने पुढे आयुष्यभर ज्याचा पाठपुरावा केला, ते हेच होते. पाणी सगळ्यांचे, जमीन कसणाऱ्याची, कामाला मर्यादा, निर्णयात प्रत्येकाचा आवाज. एवढे असेल तर वस्ती टिकते. नाहीतर नुसत्या इमारती उभ्या राहतात.

जयंतीच्या कार्यक्रमात ती एक संध्याकाळ आम्ही ठेवली आहे. प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने वही आणायचे कबूल केले आहे. तुमच्या वस्तीतही अशी एक वही सुरू करा.

जयभीम. नमो बुद्धाय.